लव्हर्नच्या भुवया

केंटकीच्या डोंगरातल्या आमच्या गावात औषधांचं दुकान एकच, लव्हर्नचं. ऐन पन्नाशीत तिने कपाळावर शाळकरी पोरीसारखी झुलपं सोडली, तेव्हा बाईंना कुणीतरी भेटलं अशी कुजबुज झाली. कसलं भेटतंय! झुलपं होती भुवया झाकायला.

कुणाला कुठल्या डॉक्टरने जालीम वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, हे सरकारी नोंदीत दिसतं. गावात ती उघडायची परवानगी फक्त लव्हर्नला, तीही माणूस चिठ्ठी घेऊन समोर आला तरच. उघडली की उघडणाऱ्याचं नावही तिथे उमटतं, आणि उगाच उघडली तर दुकानाचा परवाना जातो. लव्हर्नच्या तोंडून कधी अवाक्षर निघालं नाही, पण भुवया चुगलखोर. खोकल्याच्या औषधाचं निमित्त करून मंडळी बाकावर बसायची आणि भुवया वाचायची. म्हणून झुलपं.

एका दुपारी तिची बालमैत्रीण ओपल थेट काउंटरच्या आत शिरली.

"ड्यूईचं नाव टाकून बघ."

"चिठ्ठी आणलीस?"

"चिठ्ठी कसली मेली! नवरा आहे माझा. जेवत नाही, बोलत नाही, मक्याचा पाव तसाच बाजूला सारतो. खाणीत पाठ मोडली तेव्हा त्या गोळ्यांनी कसा गिळला होता त्याला, विसरलीस? परत सुरू झालं असेल तर मला नाही झेपणार, लव्हर्न. फक्त हो की नाही सांग."

"नाही गं सांगता येणार."

"बरं, भुवई तरी उचल!"

लव्हर्नने झुलपं आणखी खाली ओढली.

"मग बस तुझ्या परवान्याशी संसार करत!" ओपल दार आपटून गेली. रविवारी चर्चमध्येही दुसऱ्या टोकाला बसली.

भांडण झालं त्या संध्याकाळी दुकान बंद करताना लव्हर्नने ड्यूईच्या नावाचं पहिलं अक्षर टाइप केलं. पुसलं. स्वतःच्याच हातावर चापट मारली आणि न जेवताच झोपली.

सोमवारी ड्यूई स्वतःच आला. गाल भोपळ्यासारखा, तोंडात कापसाचा बोळा. मेलेला उंदीर ठेवावा तशी त्याने दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी काउंटरवर ठेवली.

"दाढ काढली. इतके दिवस कळ काढली ती याच चिठ्ठीच्या भीतीने. आणि डॉक्टरला 'नको' म्हणायचं तर जुनं सगळं सांगावं लागलं असतं."

समोर चिठ्ठी आली, म्हणजे आता बघणं तिचं कामच. तिने बघितलं.

"काय दिसतं?"

"तुझंच आहे म्हणून सांगते. कोरं आहे."

"मग कोरंच राहू दे. साधं काहीतरी दे."

तिने डॉक्टरला फोन लावून चिठ्ठी बदलून घेतली. ड्यूईने काचेबाहेर बोट केलं. रस्त्यापलीकडे ओपल लपली होती. तीही आख्खा तालुका ओळखतो त्या आपल्या लाल गाडीत.

"माझा पाठलाग करतेय. तूच सांग ना तिला. तुझं ऐकेल."

"मी नाही सांगायची. तू सांग. दाढेपासून सांग."

ओपल गाडीतून मान लांब करून करून झुलपांखाली काही दिसतंय का बघत होती. लव्हर्नने तिच्याकडे पाठ केली आणि बाटल्या पुसायला घेतल्या. ड्यूई बाहेर पडला तशी दाराची घंटा वाजली. बराच वेळ तिने एकच बाटली पुसली. मग राहवेना, वळली.

ड्यूईचं ऐकून ओपल गाडीतून उतरली आणि तिने आधी नवऱ्याला पर्सने बदडलं. मग त्याचा सुजलेला गाल ओंजळीत धरला आणि तशीच रस्त्यात उभी राहून रडली.

लव्हर्नच्या भुवया तेव्हा कुठवर गेल्या, कुणाला दिसलं नाही. झुलपं मात्र हलली, असं बाकावरची मंडळी अजून शपथेवर सांगतात.