ती बाज

मी देवासला चेनसॉने लाकडाचे शिकारी पक्षी कोरतो. एवढं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझी बोटं मोजतो आणि मग विचारतो, पण कशासाठी? बोटं दहाच्या दहा आहेत. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला आजही धड देता येत नाही.

आमचं घराणं सुतारांचं. मराठ्यांच्या लवाजम्याबरोबर माळव्यात आलेलं. आधी गाड्यांची चाकं केली, मग दारं, पाट, पलंग. मी पक्षी करायला लागलो तेव्हा घरात कोणी भांडलं नाही, फक्त त्या विषयावर बोलणं बंद झालं. आई गेल्यावर मला वाढवलं ते आत्याने, सोनकच्छला. तीही माझ्या कामाबद्दल चकार शब्द काढत नसे. बाकीच्यांनी काहीही म्हणावं, पण आत्याने एकदा तरी माझा एखादा पक्षी आपणहून बघावा, असं मला फार वाटायचं.

आणि पक्षी तरी कुठे नीट होत होते? पंख पसरलेले, चोच उघडी, एकेक पीस कोरलेलं, आणि तरी शेडसमोरचा चहावाला म्हणायचा, "भिया, तोता तो मस्त बनाया." मी चिडायचो. टेकडीवर घिरट्या घालणाऱ्या घारी मान दुखेपर्यंत बघायचो, मोबाइलवर फोटो मोठे करून बघायचो. चोच बरोबर होती, नख्या बरोबर होत्या, सगळं मिळून मात्र पोपट. चूक कुठे होतेय तेच कळेना.

अशात आत्याचा फोन आला. तिच्या लेकीची लेक पहिल्या बाळंतपणाला सोनकच्छला येणार होती.

"तिच्यासाठी एक बाज करून दे बाबा. तुझ्या हातची हवी."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "बाज?"

"बाज. सागवानी कर. पाय भक्कम हवेत बघ. आणि ती तुझी नक्षीबिक्षी नको, साधं असू दे. टोचेल असं कुठे काही ठेवू नको, बाळंतीण आहे पोर."

मराठी वाचणाऱ्याला इथेच हसू फुटलं असेल. पण माझी शाळा हिंदीत झाली. बाज म्हणजे आकाशातून झडप घालतो तो, एवढंच मला ठाऊक. बाळंतिणीला तो कशाला हवा, हे काही डोक्यात शिरेना. बायकोला विचारलं. तीही इथलीच, हिंदी शाळेतली. म्हणाली, "नजर लागू नये म्हणून असेल. जुन्या लोकांचं काहीतरी असतंच." ते मला पटलं. खरं तर मी पटवून घेतलं. आत्याने माझ्याकडे पक्षी मागितला होता, आणि पुन्हा विचारायला गेलो तर ती "मग राहू दे" म्हणेल, या धास्तीने मी विचारलंच नाही.

चांगला जाडजूड सागवानी ओंडका आणला आणि कामाला लागलो. एरवी मी पाय शेवटी करायचो, उरलेल्या लाकडात, काड्यांसारखे. आता आत्याने पाय भक्कम सांगितले होते, म्हणून तिथूनच सुरुवात केली. मांडीला भरपूर लाकूड ठेवलं, पंजे खालच्या खोडात रुतवले. मग वरचं अंग सरळ ठेवून चालेना, ते पुढे झुकवावं लागलं. मी जरा लांब जाऊन बघितलं तर पक्षी कशावर तरी बसला होता. माझे आधीचे सगळे नुसते ठेवलेले असायचे.

नक्षी नको, म्हणून पिसं कोरायचा हात आवरला. चेनसॉच्या टोकाने पंखाचे दोनचार मोठे उतार काढले, शेपटीला थोडे लांब काप दिले, बस. हात शिवशिवत होते. हे काम की कामचुकारपणा, मलाच कळेना. टोचू नये, म्हणून चोच मिटवली आणि नख्या खोडात पुरल्या. आता रागीट दिसायला चेहऱ्यावर काही उरलंच नाही. तेव्हा डोळ्यांवरचं हाड जरा पुढे ठेवून बघितलं, खिडकीवरच्या छज्ज्यासारखं. डोळे सावलीत गेले आणि मी चटकन मशीन बंद केली. माझ्याच शेडमध्ये मला कोणीतरी बघत होतं.

मधे आत्याचा पुन्हा फोन आला. "झाली का रे ती?"

ती? म्हणजे मादी हवी होती तर! या पक्ष्यांत मादी नरापेक्षा मोठी असते हे मी वाचलं होतं. नशिबाने छातीकडचं लाकूड अजून उतरवलं नव्हतं. तसंच ठेवून दिलं. शेवटी गॅसच्या ज्योतीने पाठ काळवंडवली, तारेच्या ब्रशने घासली. चहावाला ग्लास घेऊन आला, दारातच ठेवून गेला. त्याचाही मला अर्थ लागेना.

पिकअपमधून बाज सोनकच्छला नेली. आत्या ओसरीवर वाट बघत होती. शेजारी पट्टीची मोठी गुंडाळी, धुऊन वाळवलेली नवार. नवार खाट विणायला लागते, हे सुताराच्या पोराला सांगावं लागत नाही. तरी माझ्या डोक्यात काही उजेड पडला नाही. मी गोणपाट काढलं.

आत्या गाडीभोवती फिरली. मागे वाकून बघितलं.

"बाकीचे पाय?"

"दोनच असतात ना आत्या."

"बाजेला दोन पाय?"

आतून नात आली, पोट सावरत. तिने एकदा पक्ष्याकडे बघितलं, एकदा नवारीकडे, आणि भिंतीला टेकून हसायलाच लागली. "आजी, मामा तो उड़ने वाला बाज ले आए!"

"अरे खाट, खाट! बाळंतिणीची बाज! तुझ्या बापाने माझ्या दोन्ही बाळंतपणांना करून दिली होती."

मी हसलो, सगळ्यांबरोबर. पण मला वाईट वाटलं, अगदी लहान मुलासारखं. इतके दिवस मला वाटत होतं आत्याने पक्षी मागितलाय. तिने खाट मागितली होती. माझ्या हातची म्हणजे माझ्या बापाच्या हातची.

"चार दिवसांत करून आणतो," मी म्हणालो. "ही राहू दे अंगणात. परत नेऊन काय करू?"

अंगणातल्या दोरीवर जुन्या लुगड्याची दुपटी आणि एवढीएवढीशी झबली वाळत होती. आत्या तिकडे गेली आणि एकेक काढायला लागली. ओलीच होती अजून. सगळी उराशी धरून ओसरीवर आली. येताना गाडीच्या समोरून आली नाही, भिंतीकडून वळसा घालून आली.

"घेऊन जा तिला," ती हळूच म्हणाली. "घरात तान्हं येणार आहे."

"आत्या, लाकूड आहे ते!"

"मला ठाऊक आहे रे," आत्या म्हणाली. तिची नजर अजून गाडीवरच होती. "तिला ठाऊक आहे का?"