पिराजीची बैठक

उचगावच्या एका फौंड्रीला साठ वर्षं झाली, तेव्हा तिला इतिहास असायला हवा असं मालकांच्या नातवाला, राजवर्धनला, वाटू लागलं. आण्णांनी, म्हणजे त्याच्या आजोबांनी, हंबीररावांनी, स्वतः ओतलेलं इंजिनाचं पहिलं चाक फाटकापाशी बसवायचं ठरलं. चौथरा आधी बांधून झाला. चाक शोधायचं काम पिराजीवर आलं. एकतीस वर्षं भट्टीवर काढलेला पिराजी त्याच समारंभात निवृत्त होणार होता. चाकाला हारही त्यानंच घालायचा होता.

अडचण एवढीच, की चाक कुठं गेलं हे साऱ्या आवारात फक्त पिराजीला माहीत होतं. २०१९ च्या महापुरात हायवे बंद पडला, वितळवायच्या भंगाराचा ट्रक अडकला आणि पंपांची ऑर्डर तुंबली. तेव्हा त्यानं मागच्या बाजूला गंजत पडलेलं ते चाक घणानं फोडून भट्टीत लोटलं आणि त्याच लोखंडाचे पंप ओतले. चाक आण्णांचं आहे, हे ठाऊक असूनही.

आता तो शोधत होता, तेही मनापासून. झुडपं तोडली, वाळूचे ढीग उपसले. जेवायच्या सुट्टीतही टेकेना. बायकोला, धोंडुबाईला, सगळं माहीत होतं. एवढं राबण्यापेक्षा खरं बोलायला कमी घाम लागतो, असं तिचं म्हणणं.

आदल्या दिवशी तो आण्णांच्या केबिनमध्ये गेला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"आण्णा, चाक म्या वितळिवलं. पुराच्या वक्ताला."

आण्णा चष्मा पुसत राहिले. "माल पास झालता?"

"व्हय. एक पंप सोडून. त्याला भोकं पडलीती."

"मग त्योबी परत भट्टीत टाकलास?"

"न्हाय. दुसऱ्यांदा टाकायला हात उचलला न्हाय. भट्टीपाशी ठेवलाय. रोज त्याच्यावरच बसतोय की."

आण्णांनी राजवर्धनला बोलावून तोच पंप चौथऱ्यावर चढवायला सांगितलं. रिजेक्ट माल फाटकावर बघून गिऱ्हाइकं काय म्हणतील, असं त्यानं विचारलं.

आण्णा म्हणाले, "पास झालेला माल मागं ऱ्हातोय व्हय? त्यो इकला जातोय."

दुसऱ्या दिवशी पिराजीनं भोकं पडलेल्या पंपाला हार घातला. भाषणं दोन तास चालली. इतिहास म्हणून पंप बराच शोभला. नंतर पिराजी सवयीनं भट्टीपाशी गेला, बसायला वाकला आणि तसाच पुन्हा सरळ झाला. पाळी सुटेपर्यंत उभाच होता.