कापसात अडकलेला आवाज

ताईचा आवाज तिच्या ओठांच्या मागून यायला लागला, तेव्हा मी त्याचा दोष कापसाला दिला आणि घरात कोणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

कापूस होताही घरातच. त्या वर्षी भाव असा पडला होता, की मारेगावात आमच्यासारख्या बऱ्याच घरांनी माल न विकता बैठकीतच रचून ठेवला होता. आमचा ढीग खिडकीच्या वर गेला होता. पाहुणा आला की त्याला कापसावरच बसवायचं. जाताना तो पाठमोरा सशासारखा दिसायचा.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. नागपूरला इलेक्ट्रॉनिक्स शिकली, पहिली आली आणि कॉलेजच्या निरोप समारंभात तिनं भाषण केलं. ऐन वेचणीत बाबांना जाता आलं नाही, म्हणून तिनं भाषणाची सीडी पाठवली. पण बाबांनी तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या मशीनजवळ उभं राहून कान घालवले होते. मोठा आवाज आणि समोरच्याचे ओठ, दोन्ही एकदम मिळाले तरच त्यांना बोलणं समजायचं. रोज संध्याकाळी ते सीडी हातात घेऊन बसत.

"पोरगी काय बोलली असन रे?"

"फिकीर नका करू बाबा, मी हावो ना," मी म्हणालो. बसस्टँडजवळ माझं मोबाइल रिचार्जचं दुकान होतं, म्हणजे घरातलं सगळं तंत्रज्ञान माझ्याकडे. (लोक बंद पडलेला मिक्सरही मलाच आणून दाखवत. दुरुस्त व्हायचा नाही, पण दाखवत.) मी दुकानातला कॉम्प्युटर बैठकीत आणून त्याला अॅम्प्लिफायर आणि पाच स्पीकर जोडले. तीन पुढे ठेवले आणि दोन मागे कापसाच्या ढिगावर.

सीडी लावली. पडद्यावर ताईनं तोंड उघडलं. शांतता. तिनं तोंड मिटलं आणि भिंतीवरच्या पाली पळतील एवढ्या जोरात "नमस्कार" आला.

बाबा पुढे सरकले, आणखी पुढे सरकले. पण ओठ एक सांगत होते आणि स्पीकर त्याच्या आधीचं सांगत होते.

"आवाज त येऊन राह्यला," ते हिरमुसून म्हणाले, "पण हिच्या तोंडातून नाई येऊन राह्यला."

आवाज चित्राच्या मागेपुढे करायची बटणं कॉम्प्युटरवरच्या प्लेअरमध्ये होती. ती मी मनसोक्त दाबली. उशीर वाढला! तेव्हा मला शाळेतलं विज्ञान आठवलं. कापूस आवाज शोषतो.

"शोषते म्हणजे आधी मुरते, मंग निघते," मी समजावलं. "म्हून उशीर होऊन राह्यला."

"बराबर हाय," बाबा म्हणाले. "पाणी मुरते, त आवाज काहून नाई मुरन?"

आई दारात उभी होती. "मंग मी हाका मारतो, त्या कशा टायमावर पोचतात?"

"आई, तू थोडीच पाच स्पीकरातून बोलतं," मी म्हणालो.

तिनं पदर खोचला.

मग आम्ही चादरी, धोतरं, आईची जुनी लुगडी, जे हाताला लागेल त्यात गाठोडी बांधून अख्खा कापूस झोपायच्या खोलीत नेला. पलंग दिसेनासा झाला, मग कपाट दिसेनासं झालं. साठवलेल्या कापसाची खाज ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. बाबा सर्वांत पुढे होते. एक गाठोडं टाकायचे, कराकरा खाजवायचे, दुसरं उचलायचे. मला गलबलून आलं. पोरीचे चार शब्द ऐकायला या माणसानं अख्खा जिल्हा उचलून बाजूला ठेवला असता.

पुन्हा सीडी लावली. उशीर तेवढाच, वर रिकाम्या बैठकीत आवाज घुमायलाही लागला.

"बह्याड पोट्टा," आई म्हणाली आणि खाजवत आत गेली.

दुसऱ्या दिवशी ताई एसटीनं आली. "आपली बैठक एवढी मोठी हाय?" तिनं दारातूनच विचारलं. सगळं ऐकल्यावर ती जमिनीवर बसून हसली. मग कॉम्प्युटरपाशी गेली.

"पाच स्पीकरचा आवाज कॉम्प्युटर गाठोड्यात बांधून धाडते," ती म्हणाली. "अॅम्प्लिफायर ते गाठोडं सोडते, मंग आवाज निघते. चित्र त्याच्यासाठी थांबत नाई. अन् तू त आवाज पुढे आणाच्या जागी अजून मागे ढकलून ठेवला, राजा."

तिनं उलट दिशेचं बटण दाबायला घेतलं आणि बाबांना समोर बसवलं.

"बाबा, आता?"

"अजून जरासा."

"आता?"

"थोडा जास्त झाला. मागे घे."

ताई सरकवत होती आणि बाबा तिचे पडद्यावरचे ओठ वाचत होते. दोघं मिळून जे करत होते ते मी तोंड उघडं टाकून पाहत राहिलो. शेवटी "नमस्कार" बरोब्बर ओठांवर येऊन बसला.

"हां," बाबा म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. "आता हे माही पोरगी बोलून राह्यली."

भाषण सुरू झालं. ताई आईबाबांबद्दल बोलली, कॉलेजबद्दल बोलली. मग म्हणाली, "मला या विषयाची गोडी माझ्या धाकट्या भावामुळे लागली." मी सावरून बसलो. "घरातली जी वस्तू तो दुरुस्त करायचा, ती नंतर मला दुरुस्त करावी लागायची."

सभागृह हसलं. बाबा त्याहून मोठ्यानं हसले.

"चाल रे," आई मला म्हणाली, "कापूस जागेवर आन."

"पोरी, ते वाक्य पुन्हा लाव," बाबा म्हणाले.

मी गाठोडी आणत राहिलो आणि ते वाक्य पुन्हा पुन्हा लागत राहिलं. दर गाठोड्यामागे पुढचे तीन स्पीकर हसत, मागचे दोन हसत, मधे बाबा हसत. आणि एकही हसू उशिरा येत नव्हतं.