कमोडचा पहिला मान

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आईला घेऊन मी सोलापूरहून नगरला निघालो होतो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन महिनाच झाला होता आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, काही झालं तरी उकिडवं बसायचं नाही. गाडी वाटेत इतकी रखडली की दौंडला नगरकडची शेवटची गाडी चुकली. सकाळपर्यंत मुक्काम भाग होता. स्टेशनसमोरच्या लॉजवर गेल्या गेल्या मी मॅनेजरला एकच प्रश्न विचारला, कमोड आहे का?

"हाय की!" तो अभिमानानं म्हणाला. "असा कमोड तालुक्यात न्हाई."

मी निर्धास्त होऊन पिशव्या खाली ठेवल्या. त्यानं तळमजल्यावरची खोली उघडून दिली. संडास आतच होता, स्वच्छही होता, पण उकिडवं बसायचाच होता.

"कमोड साहेबांच्या खोलीत हाय," मॅनेजर म्हणाला. ती खोली शेजारचीच. दाराला मोठं कुलूप, चौकटीवर झेंडूचा वाळलेला हार.

साहेब म्हणजे त्या भागातले पुढारी. दोन वर्षांपूर्वी लॉजची फीत त्यांनी कापली होती आणि भाषणात म्हणाले होते, कधीतरी इथं मुक्कामाला येईन. पुढाऱ्याच्या भाषणातलं वाक्य अक्षरशः खरं मानणारा माणूस मला आयुष्यात एकदाच भेटला. तो या लॉजचा मालक निघाला.

त्याला निरोप धाडावा लागला. जीपमधून उतरला, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. आईच्या पाया पडला, चहा मागवला. कुलूप मात्र काढेना.

"सर, राग मानू नका. ती खोली अजून कुणीच वापरली न्हाई. पहिला मान साहेबांचा."

"कमोडचा?"

"समद्याचाच," तो गंभीरपणे म्हणाला. "कमोडवरचं प्लास्टिकबी काढलं न्हाई आम्ही."

पूजेचा मान ऐकला होता, जत्रेतल्या पहिल्या कुस्तीचा ऐकला होता. चिनी मातीच्या भांड्यालाही मानकरी असतो हे मला नवीन होतं. मी वाद घातला. दोन वर्षांत जो माणूस फिरकला नाही, तो नेमका आज येणार आहे का?

"न्हाई येणार. पर आले तर?"

या 'आले तर'पुढं माझं सगळं शिक्षण वाया गेलं. जवळच्या दुसऱ्या लॉजवर जाऊन आलो. तिथं मान नव्हता आणि कमोडही नव्हता.

आई खुर्चीत अवघडून बसली होती. समोरच्या चहाला तिनं हात लावला नव्हता, आणि का ते मला ठाऊक होतं. दुपारपासून ती दम धरून होती. माझा आवाज चढलेला पाहून तिनंच मालकाला विचारलं, "तुमच्या आई आहेत का हो?"

"हायती की. तिचेबी गुडघे गेल्यात."

"मग त्या कशा काय करतात?"

"तिला खुर्ची केलीया, प्लास्टिकची. मधनं कापलेली. खाली बादली." बोलता बोलता तो ताडकन उठला. "थांबा मावशी, आलोच."

मला वाटलं, किल्ली आणायला गेला. तो जीपमधून घरची खुर्ची घेऊन आला. स्वतः उचलून त्यानं ती न्हाणीघरात ठेवली, खाली बादली लावली, हलते का ते दाबून पाहिलं. आमच्या आणि त्या कोऱ्या कमोडच्या मधे एका विटेची भिंत होती. मी ते बोलून दाखवणार होतो, पण आईनं "तू आधी बाहेर जा" म्हणून दार लावून घेतलं.

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा सैलावला होता. गार झालेला चहा तिनं एका दमात संपवला.

"आता तुमच्या आईचं काय?" तिनं विचारलं.

"भागवंल की ती एक रात."

"भागत नाही, मला विचारा. ही घेऊन जा. सकाळी आणा."

खुर्ची पुन्हा जीपमध्ये चढली. आईनं रात्रभर पाण्याला तोंड लावलं नाही. मी पडल्या पडल्या शेजारच्या खोलीत शांतपणे मुक्कामाला असलेल्या प्लास्टिकला शिव्या देत राहिलो.

उजाडताच खुर्ची घेऊन जीप दारात हजर. मालक खुशीत होता. "मावशी, साहेबांचा निरोप आलाय. फुडच्या महिन्यात नक्की!"

"येऊ देत," आई म्हणाली. तिचं आटोपल्यावर तो खुर्ची उचलायला वाकला, तशी ती म्हणाली, "हिच्या कडा तेवढ्या घासून घ्या. टोचतात."

तो तसाच थांबला. "टोचत्यात? आई तर कवा बोलली न्हाई."

"नाही बोलणार."

त्यानं कापलेल्या कडेवरून सावकाश अंगठा फिरवला. मग मॅनेजरला हाक मारली. आता तरी किल्ली मागेल, असं मला वाटलं.

"कानस हाय का रं आपल्याकडं?"

आम्ही स्टेशनकडे निघालो तेव्हा साहेबांच्या खोलीच्या कुलपाखाली, पांढऱ्या कपड्यांत उकिडवा बसून, तो खुर्चीची कड घासत होता.