तांदळाच्या दाण्याएवढं अंतर

मुलीला दिल्लीच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि आमच्या घरात सुतक पडल्यासारखं झालं. माझे धाकटे दीर बारावीपर्यंत शिकलेले, म्हणून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. ते म्हणाले, "वैनी, दिल्ली म्हंजे काय पेठ वडगाव हाय व्हय? पोरीला बरंवाईट झालं तर पोचणार कवा? येत न्हाय म्हणून कळवून टाका."

पोरगी पत्र हातात धरून उभी. मालक तंबाखू दाढेला धरून बसलेले.

मी शाळेची पायरी चढलेली नाही बघा. पोरांच्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवली, नकाशाही तसाच शिकले. ब्लाउज शिवायच्या मशीनवरचा दोरा तोडला, नकाशाच्या पुस्तकात पुण्यावर एक टोक धरलं, दिल्लीवर दुसरं, नि खालच्या मापाला लावला. हजार-बाराशे किलोमीटर. कोल्हापूरचा विमानतळ आमच्या मुडशिंगीच्या बांधाला, पण दिल्लीचं विमान तिथून कुठलं! ते पुण्याहून. तिकीटवाल्याला आधीच विचारलेलं, दोन तास.

"आणि पुण्यापतोर काय उडत जाणार?" दीर.

"ते धरा की सहा तास. वर विमानतळावर बसायचे दोन. सगळं मिळून दहा."

मग तोच दोरा कोल्हापुरापासून माझ्या माहेरापर्यंत धरला, निपाणीच्या जरा पलीकडं. तांदळाच्या दाण्याएवढा भरला.

"भावजी, आई आजारी हाय म्हणून निरोप आलता, तवा अंतर एवढंच व्हतं. भुईमुगाची काढणी हाय, चार दिवसांनी जा म्हणालासा. गेले, तवर राख सावडून झालती. मला या घरात देताना कुणी दोरा धरला व्हता?"

मालक बाहेर जाऊन थुंकून आले नि म्हणाले, "माळ्यावरची बॅग काढ गं."

पुण्याला सोडायला मालक नि दीर दोघे गेले. विमान उडालेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय हलायचं नाही, हा दिरांचा हट्ट. ते बघून त्यांनी परतीची एसटी धरली. दुपारी घरचा फोन वाजला. "आई, पोचले मी! काय उकडतंय इथं!" ह्या दोघांचा मात्र पत्ता नाही.

आले दिवेलागणीला, धुळीनं माखून. खंबाटकीच्या घाटात ट्रक आडवा झालता म्हणे. दिरांनी उंबऱ्यातूनच विचारलं, "पोचली काय?"

"कवाच! तुम्ही सातारला पोचायच्या आधी. आता सांगा, लांब काय हाय?"

हसले की हो! चूळ भरली, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"आणि ऐका," मी म्हटलं, "दसऱ्याला मी जाणार हाय तिच्याकडं. विमानानं. औंदाचा भुईमूग तुम्ही काढा."

दिरांनी तांब्या खाली ठेवला. मी ताटं वाढायला घेतली.