अळ्यांचे वैरी आप्पा

माझे चुलते आप्पा माणसाला रामराम घालण्याआधी त्याच्या बैलाचा वास घ्यायचे. जनावराच्या जखमेत अळ्या पडल्या असतील, तर त्यांना दावणीपाशी पोचायच्या आतच कळायचं. मग सीताफळाचा पाला दगडावर ठेचायचा, रस जखमेत पिळायचा आणि वर येणाऱ्या अळ्या चिमट्यानं टिपायच्या. आमच्या ईट गावाच्या आसपास कुठल्याही गोठ्यातून बोलावणं आलं, की ते पुढ्यातलं ताट सारून उठत. काकू चिडल्या, की म्हणत, "तिकडं त्यांची पंगत बसलीया, मी हितं कसा जेवू?"

त्याच आप्पांच्या डाव्या पायात काटा मोडला. साखरेच्या आजारानं पाय बधिर झालेला, त्यामुळं त्यांना कळलंच नाही. धाराशिवच्या एका दवाखान्यात दोन बोटं काढावी लागली, तरी जखम भरेना. सडकं मांस घोट्याकडं सरकत होतं. गुडघ्याखाली पाय काढायची बोलणी सुरू झाली, तेव्हा तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी शेवटचा एक उपाय सुचवला: प्रयोगशाळेत निर्जंतुक वाढवलेल्या अळ्या जखमेत सोडायच्या.

आप्पा बाईंकडं बघतच राहिले. "बाई, जल्मभर ज्यास्नी मारलं, त्यास्नी आता पायात बिऱ्हाड देऊ व्हय?"

मी चळवळीची पत्रकं वाचत आणि वाटत मोठा झालेला. खेड्यातल्या माणसाच्या अंगावर प्रयोग चाललाय, असं वाटून मी आवाज चढवला. आप्पांनी मला हातानंच गप्प केलं. "आमच्याकडची अळी जितं मांस खाती. ही खात न्हाय कशावरून?"

"ती माशी वेगळी, ही वेगळी," बाई म्हणाल्या. "हिच्या तोंडच्या रसात एन्झाइम असतात. त्यानं मेलेलं मांस विरघळतं आणि ही ते पिते. जिवंत मांसाला त्रास देत नाही."

"म्हंजे खाणारी न्हाय, पिणारी."

"तसंच समजा."

"मग सोडा. पिणारी लई बघितलीत."

जाळीच्या पट्टीखाली अळ्या सोडल्या आणि गावात बातमी पोचली. आमच्याकडं 'अंगात किडे पडतील' हा शाप माणूस वैऱ्यालाच देतो. भेटायला आलेली माणसं काकूंना दाराबाहेर घेऊन हळूच विचारायची, कुणाचा तळतळाट लागला? माझं डोकं फिरलं. 'आजार हे पाप नव्हे' असं पत्रक लिहून मी आप्पांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "झ्याक लिव्हलंस. पर कागदानं त्यांची तोंडं बंद हुत न्हाईत. पाय राहू दे, म्या चालत जातो त्यांच्या दारात."

दुसऱ्या दिवशी मी चहा आणायला गेलो असताना आप्पांनी वरचा कापूस उचलून बघितला. जाळीखाली वळवळ दिसली. तळतळाटाच्या बोलण्यानं खचलेल्या काकूंनी पिशवीतून सीताफळाचा पाला आणलाच होता. बाईंनी पट्टी सोडली, तेव्हा जखमेत हिरवा रस होता आणि सगळ्या अळ्या मेल्या होत्या.

काकू रडायला लागल्या. "तिला बोलू नका," आप्पा म्हणाले. "पाला तिनं आणला, पिळला म्या. अळी दिसली की माझा हात थांबत न्हाय."

बाई स्टुलावर बसल्या. "नव्या मागवते. पण येईपर्यंत पाय टिकेल का, सांगता येत नाही."

तोवर आप्पांना ताप भरला. जखम पुन्हा काळवंडू लागली. गोठ्यातल्या गप्पा सांगणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडून राहायचा. नव्या अळ्यांचा डबा आला, तेव्हा त्यांनी उपरणं माझ्यापुढं धरलं. "हात खाटेला बांध माझं."

बाईंनी बांधू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "पट्टी ओली झाली, दबली, तर ह्या गुदमरतात. आता राखण तुम्हीच करायची."

आप्पांनी ती राखण अशी केली, की पांघरूण पायावर येऊ देईनात. नर्सबाईंनी खाट जरा जोरात सरकवली, तर म्हणाले, "हळू, ताई. जेवत्यात त्या." काकू कोपऱ्यातून पुटपुटल्या, "माझ्या बाळंतपणात येवढी काळजी केली न्हवती ह्यांनी."

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली. खाली लालसर, ओलं, जिवंत मांस होतं. बाईंनी ते दोनदा तपासलं आणि पाय राहतो, असं सांगितलं. जखमेतून काढलेल्या अळ्या आप्पांनी बघायला मागितल्या. आल्या होत्या तेव्हा तांदळाच्या कणीएवढ्या, आता चांगल्या गुबगुबीत. "जनावरं चांगली पोसली," ते म्हणाले आणि मान फिरवून डोळे पुसले.

जखम भरल्यावर ते काठी टेकत खरंच एकेका दारात गेले. चप्पल काढून पाय पुढं करायचे. "बघा, तळतळाट कुठं दिसतोय का. आन् आता च्या ठेवा." माझ्या एकाही पत्रकानं एवढं काम केलेलं नाही.

गेल्या साली हृदयविकारानं आप्पा गेले. शेवटची अंघोळ घालताना पाण्याची कळशी माझ्याकडं आली. डाव्या पायाची भरलेली जागा बाकी कातडीपेक्षा उजळ आणि मऊ होती. टाचेला शेतातली माती चिकटलेली होती. ती मी सावकाश धुतली, मग उजवा पाय धुतला आणि दोन्ही पाय जोडून ठेवले.