प्रकाशची जर्मन गाडी आणि गावभरचे नवरदेव

गाडी घ्यायला एक दिवस पुरतो. किस्से मात्र बोलवावे लागत नाहीत, ते आपले जमतच जातात. आमच्या प्रकाशनं जर्मन गाडी घेतली आणि तेव्हापासून आमच्या रविवारच्या चहाला दुसरा विषयच उरला नाही. पूर्वी आम्ही राजकारणावर भांडायचो. आता गाडीवर भांडतो.

प्रकाश म्हणजे हुबळीच्या बाजारातला स्टीलच्या भांड्यांचा व्यापारी. घराणं मूळचं कोल्हापूरकडचं, पण आजोबांपासून इथलंच. मी धारवाडचा, सप्तापुरात राहतो. पूर्वी वकिली करायचो, आता फुकट वाद घालतो. तिसरा बसू, म्हणजे बसवराज. त्याचं वायर-पंख्यांचं दुकान. घरी कन्नड, आमच्यात मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम! तिघंही एका शाळेतले. आणि चौथ्या नलूवहिनी, प्रकाशची बायको. गाडी त्यांच्यासाठी घेतली, असं प्रकाश म्हणतो.

*

बंगळूरच्या शोरूममध्ये आम्ही चौघंही गेलो होतो. आत एवढा गारठा की वहिनींनी पदर कानावरून घेतला. टायवाला एक तरुण गाडीभोवती फिरत टर्बो, टॉर्क, स्पोर्ट मोड असलं काय काय सांगत होता. प्रकाशनं बॉनेटवर बोटानं टकटक केलं, गिऱ्हाईक पातेलं वाजवून बघतं ना, तसं. आवाज पसंत पडला असावा.

"सर, शून्य ते शंभर, फक्त पाच सेकंदांत!" टायवाला म्हणाला.

"एनप्पा, काय रे प्रकाश," बसू म्हणाला, "एवढ्या घाईनं जायचंय कुठं तुला?"

वहिनींनी कानावरचा पदर बाजूला केला. "अळणावरला."

आम्ही सगळे हसलो. त्या तरुणाला अळणावर कुठं आहे ते ठाऊक नव्हतं. बिचारा गाडीच्या पडद्यावर शोधत बसला. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

"पहिली फेरी अळणावरची," प्रकाश म्हणाला. "शब्द दिला तुला."

*

अळणावर का, तर धारवाडपासून तासाभराच्या वाटेवरचं ते गाव म्हणजे वहिनींचं माहेर. धाकटा भाऊ दत्ता तिथं शेती आणि लाकडाचा धंदा बघतो. आई त्याच्याकडे.

प्रकाशच्या वडिलांकडे, अप्पांकडे, पांढरी अँबॅसिडर होती. बाजारात तेव्हा मोटारी मोजक्याच. लग्न कुणाचंही असो, नवरदेव त्या अँबॅसिडरमधूनच निघायचा. अप्पांचा नियम होता: नवरदेवाला गाडी नाही म्हणायचं नाही, घरातली लक्ष्मी रुसते. भाडं घ्यायचे नाहीत. उलट पेट्रोल स्वतःचं घालायचे आणि वर आहेर करायचे!

आता गंमत ऐका. प्रकाशचं स्वतःचं लग्न अळणावरला लागलं, आणि त्याच दिवशी अप्पांनी गाडी एका जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलाला देऊन ठेवलेली. "आपलं काय, आपण घरचेच की," म्हणाले. नलूवहिनी सासरी आल्या त्या पॅसेंजरनं. शेजारच्या बाकावर एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती. मी त्या डब्यात होतो म्हणून सांगतो.

वहिनींची आई फलाटावर उभी होती. भांडणारी बाई नव्हे ती. एवढंच म्हणाली, "पोरगी गाडीतून जाईल असं वाटलं होतं. असू दे. येताना तरी कधी गाडीतून ये गं बाई."

नंतर प्रकाशकडे गाड्या आल्या, नाही असं नाही. पण त्या दुकानाच्या. मागं कुकर, पुढं परातींचे गठ्ठे. वहिनी माहेरी जायच्या त्या बसनं नाहीतर त्याच पॅसेंजरनं.

*

गाडी बंगळूरहून ट्रकवर चढून आली. दुकानासमोर ट्रक थांबला आणि सगळा बाजार गोळा झाला. समोरचा कापडवाला पुढं येऊन हळहळला, "अय्यो, नवी कोरी की हो! एवढ्यात बंद पडली?"

पूजा झाली, चाकाखाली लिंबं ठेवली. वहिनी नवी साडी नेसून, धारवाडी पेढ्यांचा डबा घेऊन पुढच्या सीटवर बसणार, तेवढ्यात तो कापडवालाच हात जोडून म्हणाला, "प्रकाशअण्णा, परवा आमच्या पोराचं लग्न. तुमच्या अप्पांच्या गाडीतून माझी वरात निघाली होती. आता पोराची तुमच्या गाडीतून निघू दे की!"

प्रकाशनं वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पेढ्यांच्या डब्याकडे बघितलं. "द्या," म्हणाल्या, "शुभकार्य आहे."

झालं! त्या दिवशी जी गाडी गेली ती गेलीच. ती कापडवाल्याकडून किराणावाल्याकडे, त्याच्याकडून त्याच्या साडूकडे. शेकडो घोड्यांची ताकद म्हणे त्या इंजिनात! आणि चालायची कशी, तर नाचणाऱ्यांच्या मागं, मुंगीच्या पावलांनी. बसू एका वरातीत खूप वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मारायाऽ, एक खरा घोडा घेतला असतास तर चणे तरी खाल्ले असते त्यानं!"

*

स्पोर्टची गाडी जमिनीला टेकलेली असते, हे एक आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आणि आमच्याकडे रस्त्यावरचे हंप, स्पीडब्रेकर हो, लोक हौसेनं घालतात! माणसं बसलेली असली की गाडीचं पोट हंपला घासायचं. मग प्रकाशनं युक्ती काढली. हंप आला की मागच्यांनी उतरायचं, गाडी रिकामी होऊन पलीकडे जायची, मग पुन्हा बसायचं.

एकदा नवरदेवासकट आम्ही हुबळीहून धारवाडला निघालो. नवरदेव शेरवानीत, मुंडावळ्या सांभाळत प्रत्येक हंपला खाली. करवली खाली. मी खाली. शेजारच्या, फक्त बससाठी राखलेल्या रस्त्यावरून एसीची सिटी बस झर्रकन पुढं जायची आणि आतले लोक माना वळवून आमच्याकडे बघायचे. शेवटी नवरदेवच घामाघूम होऊन म्हणाला, "काका, बसमध्ये एकदाच उतरावं लागतं हो!"

*

दुसऱ्या एका लग्नात फुलवाल्यानं झेंडूच्या माळा अशा घट्ट बांधल्या की गाडीचे सगळे सेन्सर झाकले गेले. गाडीला वाटायला लागलं, चारी बाजूंनी कुणीतरी अंगावर येतंय. वरात सुरू झाल्यापासून तिचं टूँ टूँ टूँ चालू! प्रकाशनं पडद्यावरची सगळी बटणं दाबून बघितली. सीट गरम व्हायला लागली, आवाज काही थांबेना.

बँडमास्तर दोन गाणी सहन करून मागं आला आणि काचेतून डोकावला. "साहेब," म्हणाला, "वाजवताय ते वाजवा, पण ताल तरी आमचा धरा!"

आम्ही पोट धरून हसलो. घरी येऊन वहिनींना सांगितलं, त्याही हसल्या. मग चहा ओतता ओतता म्हणाल्या, "भावजी, आतून कशी आहे हो गाडी? सीट गरम होते म्हणता?"

जिच्यासाठी घेतली ती सोडून गावात सगळे बसून झाले होते! मी प्रकाशला तिथंच झापलं. "लाज वाटत नाही? ह्या बाईला कधी नेणार?"

"हा सीझन संपू दे रे," तो म्हणाला.

*

सीझन संपला की आषाढ. आषाढात लग्नं नाहीत, गाडी मोकळी. पण अळणावरचा पाऊस तुम्हाला माहीत नसेल. जंगलाच्या कडेचं गाव ते, पडायला लागला की थांबायचं विसरतो. तरी एकदा निघालेच दोघं. वहिनींनी ताजे पेढे घेतले, आईसाठी मऊ लुगडं घेतलं. धारवाड सोडून थोडं पुढं गेले तर रस्त्यावर पाणी. दुकानाचा टेंपो आरामात निघून गेला असता त्यातून. ह्या राणीसाहेबांनी पडद्यावर लाल दिवा लावला आणि रुसल्या.

परत फिरून माझ्या घरी आले. वहिनींनी डबा माझ्यासमोर ठेवला. "खा भावजी. आईला पुढच्या वेळी ताजे नेऊ."

पेढे उत्तम होते. मला एकाच्या वर गेले नाहीत. आवाज चढवून मी प्रकाशला म्हणालो, "अरे, टेंपोतून घेऊन जा त्यांना, पण जा!"

"टेंपोच कशाला, बसनं, पॅसेंजरनं ती कायमच गेलीय," तो म्हणाला. "शब्द गाडीचा आहे." आता ह्या माणसापुढं कपाळ कुठं आपटायचं, सांगा! व्यापारात ह्याच्या शब्दावर लाखाचा माल उतरतो. दारी आलेल्या प्रत्येक नवरदेवाला दिलेला शब्द ह्यानं पाळला. बायकोला दिलेला तेवढा पुढं ढकलत राहिला, कारण ती घरचीच!

दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं आणि नवरदेव पुन्हा दारात.

*

तेवढ्यात दत्ताचे फोन यायला लागले. "दाजी, आई माणसं विसरायला लागलीय. काल मलाच विचारलं, तू कुणाचा. अक्काचं नाव तेवढं अजून घेते. या बघू लवकर."

प्रकाश घाबरला, अगदी खरा घाबरला. पण पुढचे चार-पाच मुहूर्त देऊन बसलेला.

त्या रविवारी धारवाडात लग्न होतं. सुभाष रोडवर फुलवाल्यासमोर गाडी सजत होती. नवरा-नवरीची नावं मागच्या काचेवर चिकटवून झाली होती. आम्ही चौघं शेजारी चहा पीत उभे होतो. वहिनींचा फोन वाजला. दत्ता एवढा ओरडून बोलत होता की आम्हालाही ऐकू आलं. "अक्का, आज आई एकदम लख्ख आहे! सकाळपासून सगळं आठवतंय तिला. तुझं लग्न, ती पॅसेंजर, सगळं! विचारतीय, नलू कधी येणार. आत्ताच्या आत्ता नीघ!"

वहिनींनी कप खाली ठेवला, फुलांची माळ बाजूला करून दार उघडलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"अगं, नवरदेव खोळंबलाय," प्रकाश म्हणाला.

"खोळंबू दे."

"अगं, शब्द दिलाय मी."

"मलाही दिलाय. मी उतरत नाही."

एवढा आवाज त्या बाईचा आम्ही कधी ऐकला नव्हता. फुलवाला हातातला दोरा धरून तसाच उभा राहिला. बसूनं प्रकाशच्या हातातला फोन काढून घेतला. "नडी! निघ! नवरदेवाला माझ्या व्हॅनमधून आणतो मी." मी मागं बसलो. आम्ही वळेपर्यंत फोन वाजलाच, आणि बसूचं ओरडणं ऐकू आलं, "गाडी? गाडी गेली की हो! माहेरला गेली!"

आणि मग ती गाडी पळाली हो! इतके दिवस वरातीमागं रांगलेली गाडी, रस्ता मोकळा मिळाल्यावर काय गेली! झेंडू उडत होता, माळा काचांवर आपटत होत्या, सेन्सर कोकलत होते. मी मागं देवाचं नाव घेत होतो. वहिनी हसत होत्या. "अहो, अजून जोरात!" म्हणाल्या.

वाटेत रेल्वेचं गेट पडलं. पेरू विकणारी एक बाई फुलं बघून धावत आली, आत डोकावली. आत तीन पिकली डोकी. तिनं कन्नडमध्ये विचारलं, "नवरी कुठाय?"

"मीच की!" वहिनी म्हणाल्या, आणि तिच्याकडून ओंजळभर पेरू घेतले.

अळणावरला दारात गाडी थांबली. सगळी गल्ली बाहेर आली. आई कट्ट्यावर बसली होती, अंगावर धुतलेलं लुगडं, केस विंचरलेले. दत्ता पुढं आला, पण वहिनींच्या नजरेला नजर देईना. आईनं गाडी बघितली आणि चेहरा उजळला. प्रकाशला तर लांबूनच ओळखलं.

"जावईबापू! आलात?"

प्रकाश भर रस्त्यात तिच्या पाया पडला. तिला गाडीत बसायचं होतं. वहिनींनी हाताला धरून तिला कट्ट्यावरून उतरवलं, सांभाळून पुढच्या सीटवर बसवलं, पाय उचलून आत घेतले आणि दाराशी तशाच खाली बसल्या, आईचा हात दोन्ही हातांत धरून.

आईनं मोकळ्या हातानं सीट चाचपली, काचेवरचा झेंडू बघितला. मग वहिनींच्या हातावर थोपटलं. "बाई, तुमचे उपकार," म्हणाली, आणि प्रकाशकडे वळली.

"गाडी फार छान आहे, जावईबापू. पण नलूला का नाही आणलंत?"